चार दिवस, साठ चित्रपट: छोट्या स्वतंत्र महोत्सवात काय चुकवू नये

प्रश्न थोडक्यात असा: प्रादेशिक स्वतंत्र चित्रपट महोत्सव, चार दिवस, तीन पडदे, लघुपट धरून साठ-सत्तर नावं आणि त्यातली बहुतेक कधी न ऐकलेली. पास काढलाय, पण शेड्यूल बघून काही उमगत नाही. काय पाहायलाच हवं आणि काय सोडलं तरी चालेल?

आधी गणित करू. एका पडद्यावर दिवसाला चार ते पाच खेळ होतात. चारही दिवस पाच-पाच पाहायचे म्हणून कंबर कसली, तर तिसऱ्या दुपारी डोळे उघडे आणि डोकं बंद अशी अवस्था होते आणि नेमका चांगला चित्रपट वाया जातो. दिवसाला तीन, फार तर चार. म्हणजे तुमच्या हातात बारा ते सोळा स्लॉट आहेत. एवढ्यात ‘सगळ्यात चांगलं’ शोधायला गेलात तर फसाल, कारण अनोळखी नावांत चांगलं कोणतं हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न टाका: हे मला पुढच्या दोन वर्षांत दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल का? मिळणार असेल तर खाली ढकला, मिळणार नसेल तर वर घ्या. या एका चाळणीने निम्मं शेड्यूल निकालात निघतं.

सगळ्यात आधी बाद होतो तो उद्घाटनाचा चित्रपट. तो निवडताना पाहुण्यांना चालेल, प्रायोजक नाराज होणार नाहीत, कुणी मध्येच उठून जाणार नाही हे पाहिलेलं असतं. बहुतेक वेळा त्याचा वितरक ठरलेला असतो आणि थोड्याच काळात तो थिएटरात किंवा ओटीटीवर येतो. शिवाय भाषणं आणि सत्कार यांत खेळ चांगलाच उशिरा सुरू होतो. त्या वेळी दुसऱ्या पडद्यावर काही असेल तर तिकडे जा. नसेल तर ती संध्याकाळ कॅटलॉग वाचण्यात घालवा, ते जास्त कामाचं.

मोठ्या महोत्सवांत गाजून आलेले, मोठ्या दिग्दर्शकांचे चित्रपटही याच चाळणीत खाली जातात. त्यांच्यासाठी सगळ्यात लांब रांग लागते आणि ते सगळ्यात सहज मिळतात. अपवाद एकच: ज्याचं छायाचित्रण किंवा ध्वनी मोठ्या हॉलशिवाय कळणारच नाही असा चित्रपट. तो घरी मिळत असला तरी इथेच पाहा.

लघुपटांचे संच आधी

नवखे प्रेक्षक लघुपटांचा संच हा दोन ‘खऱ्या’ चित्रपटांमधला वेळ काढायचा कार्यक्रम समजतात. माझ्या मते छोट्या महोत्सवात पहिली खूण तिथेच करायला हवी. कारण साधं आहे. लघुपटाला वितरण जवळपास नसतंच. बरेच महोत्सव इंटरनेटवर आधीच उपलब्ध असलेला लघुपट घेत नाहीत, म्हणून दिग्दर्शक तो वर्ष-दीड वर्ष कुलपात ठेवतो. महोत्सवांचा फेरा संपला की काही इंटरनेटवर येतात, बरेच येतच नाहीत. समोर चाललेला खेळ हीच अनेकदा एकुलती एक संधी असते.

एका संचात साधारण पाच ते आठ लघुपट असतात आणि एकूण लांबी ऐंशी ते शंभर मिनिटं भरते. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात, पण तीस मिनिटांच्या वरचा लघुपट कार्यक्रम लावणाऱ्यांना डोकेदुखी असते. तो संचातल्या दोन-तीन फिल्म्सची जागा खातो. तरीही एखादा पस्तीस मिनिटांचा लघुपट संचात दिसला तर समजा, निवड समितीत कुणीतरी त्याच्यासाठी भांडलंय. तो संच धरा.

क्रम लावण्याचीही एक रीत आहे. पहिला लघुपट पटकन पकड घेणारा असतो, कारण उशिरा येणारे लोक तोवर स्थिरावतात. अवघड किंवा प्रयोगशील फिल्म मध्ये बसवतात आणि सगळ्यात जोरकस शेवटी किंवा शेवटून दुसरी. मध्येच उठायची वेळ आली तर तिसऱ्या-चौथ्यानंतर उठा, शेवटची चुकवू नका. संच दोन असतील तर ‘स्पर्धा’ लिहिलेला आधी घ्या. विद्यार्थी विभाग वेगळा असेल तर त्यात चित्रपटसंस्थांच्या पदविका फिल्म्स शोधा. त्यांना शिक्षक, उपकरणं आणि पुरेसा वेळ मिळालेला असतो आणि छायाचित्रण-ध्वनी या बाजू स्वतःच्या खिशातून केलेल्या फिल्म्सपेक्षा सहसा भक्कम असतात. धीटपणा मात्र खिशातून केलेल्यांत जास्त सापडतो. दोन्हींतलं थोडं थोडं पाहा.

स्थानिक विभाग

प्रादेशिक महोत्सवाची खरी ताकद इथे असते. मोठे महोत्सव स्पर्धेसाठी जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय प्रीमियर मागतात. छोट्या महोत्सवाला ते परवडत नाही, म्हणून बाहेरचे चित्रपट त्याच्याकडे सहा महिने ते दीड वर्ष उशिरा पोहोचतात. पण त्या प्रदेशात, त्या बोलीत बनलेली फिल्म सगळ्यात आधी इथे येते आणि पुष्कळदा इथेच थांबते. कॅटलॉगात ‘जागतिक प्रीमियर’ ही खूण शोधा. छोट्या महोत्सवात ती बहुतेक स्थानिक चित्रपटांपुढेच दिसेल.

यात भाबडेपणा नको. स्थानिक विभागात मुलाहिजा असतो, सगळंच चांगलं नसतं. हॉलमध्ये अर्धे लोक कलाकारांचे नातेवाईक आणि युनिटमधली मंडळी असतात, त्यामुळे टाळ्यांवरून काही ठरवू नका. निवडताना दिग्दर्शकाच्या मुलाखती वाचण्यापेक्षा श्रेयनामावली वाचा. ध्वनी आरेखन आणि संकलन कुणाचं आहे? कमी पैशांत बनलेल्या चित्रपटात पहिला बळी ध्वनीचा जातो. कॅमेरे आता सगळ्यांकडे चांगले असतात, पण लोकेशनवर स्वच्छ संवाद टिपायला माणूस आणि वेळ लागतो. ज्या फिल्मने सिंक साउंडसाठी, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज टिपायला, वेगळा ध्वनिमुद्रक ठेवलाय आणि आरेखन, मिक्सिंग वेगवेगळ्या माणसांनी केलंय, तिथे निर्मात्याने पैसा कुठे घालायचा हे ओळखलंय. ज्या फिल्मवर लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, संगीत या सगळ्यांपुढे एकच नाव आहे ती क्वचित अफलातून निघते आणि बहुधा वीस मिनिटं जास्त लांब असते, कारण कापा म्हणणारं कुणी नव्हतं.

जागतिक प्रीमियरचा एक धोकाही आहे: प्रत आदल्या रात्री हातात आलेली असते. सबटायटलात चुका, मिक्सिंग अर्धवट, रंगसंस्करण घाईचं. दोन खेळ असतील आणि तुम्हाला फिल्मच नीट पाहायची असेल तर दुसरा निवडा. दिग्दर्शकाला ऐकायचं असेल तर पहिला, कारण पाहुणे सहसा पहिल्याच खेळाला थांबतात. हे दोन्ही एका खेळात मिळणं दुर्मीळ.

माहितीपट

माहितीपट निवडताना आधी लांबी पाहा. 52 मिनिटं दिसली की ती दूरचित्रवाणीच्या तासाभराच्या स्लॉटसाठी केलेली आवृत्ती असण्याची दाट शक्यता. त्यात निवेदन जास्त आणि शांतता कमी. त्याच विषयाची ऐंशी-नव्वद मिनिटांची आवृत्ती वेगळी संकलित केलेली असते आणि पाहण्यासारखी तीच. काही दिग्दर्शक दोन्ही करतात. महोत्सवाने कोणती आणलीय हे कॅटलॉगातल्या मिनिटांवरून कळतं.

दुसरी गोष्ट, चित्रीकरण किती काळ चाललं ते. तीन-चार वर्षं एकाच माणसामागे किंवा कुटुंबामागे कॅमेरा असेल तर लोक कॅमेऱ्याला सरावतात आणि तो सराव पडद्यावर दिसतो. दोन आठवड्यांत मुलाखती गोळा करून केलेली फिल्म माहिती देते, पण ती माहिती लेखातही मिळाली असती.

माहितीपटानंतरची प्रश्नोत्तरं मात्र सहसा चुकवू नका. काल्पनिक चित्रपटाचा दिग्दर्शक आपल्या हेतूंबद्दल बोलतो. माहितीपटवाल्याला मात्र सांगावं लागतं की त्या माणसाने परवानगी कधी दिली, तयार फिल्म त्याने पाहिली का, कोणता प्रसंग त्याच्या विनंतीवरून काढला. हे प्रश्न विचारा. ‘प्रेरणा कुठून मिळाली’ आणि ‘बजेट किती होतं’ हे दोन कुणीतरी विचारणारच आहे. काल्पनिक फिल्मवाल्याला विचारायचंच असेल तर एखाद्या ठोस निर्णयाबद्दल विचारा: तो प्रसंग एकाच शॉटमध्ये का ठेवला, तिथे संगीत का नाही, शेवट संकलनात बदलला का. अशा प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं.

जुने चित्रपट, त्यातही फिल्मवरचे

सिंहावलोकन किंवा पुनरुज्जीवित अभिजात चित्रपट असा विभाग असेल तर त्यात दोन प्रकार येतात. एक, 4के स्कॅन करून साफ केलेली डिजिटल प्रत. ती आज ना उद्या घरी पाहायला मिळते. दुसरा, कॅटलॉगात ‘35 मिमी’ किंवा ‘16 मिमी’ असं लिहिलेलं, म्हणजे खऱ्या फिल्मच्या पट्टीवरची प्रत. तो आढळला तर बाकी सगळं बाजूला ठेवून जा. चालू स्थितीतले फिल्म प्रोजेक्टर आणि ते चालवू शकणारे लोक, दोन्ही झपाट्याने कमी होतायत. अभिलेखागारं प्रत बाहेर द्यायला सहसा राजी नसतात, कारण प्रत्येक खेळात तिच्यावर नवा ओरखडा पडू शकतो.

35 मिमीच्या खेळात उजव्या वरच्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा. चित्रपट साधारण वीस-वीस मिनिटांच्या रिळांत येतो. 2000 फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या गतीने बावीस मिनिटांच्या आसपास चालतं. रीळ संपायच्या आधी त्या कोपऱ्यात छोटा गोल ठिपका चमकून जातो, फक्त चार चौकटींपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. ती पहिली खूण: दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करा. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्यावर प्रोजेक्शनिस्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी घेतो. हात बसलेला असेल तर तुम्हाला फक्त रंगाच्या छटेत किंवा ओरखड्यांत किंचित फरक जाणवतो. नसेल तर एखादा क्षण पांढरा पडदा दिसतो, नाहीतर संवादाचा शेवटचा शब्द गिळला जातो. प्रोजेक्टर एकच असेल तर सगळी रिळं जोडून चालवतात, नाहीतर मध्यंतर घेतात. ठिपके तरीही दिसतात, कारण ते प्रतीवरच उमटलेले असतात.

मूकपट लागला असेल तर दोन चौकश्या करा: संगीत प्रत्यक्ष वाजवणार आहेत का, आणि गती किती? मूकपट सेकंदाला 16 ते 24 चौकटींच्या दरम्यान वेगवेगळ्या गतींनी चित्रित व्हायचे. 18 चा चित्रपट 24 ने चालवला तर माणसं टुणटुण चालताना दिसतात आणि करुण प्रसंगातही हशा पिकतो. ज्या कॅटलॉगात मूकपटापुढे गतीचा आकडा छापलाय, तिथे काम जाणकार माणसाच्या हातात आहे.

डिजिटल पुनरुज्जीवनातही पाहण्यासारखं असतं. चांगल्या कामात फिल्मचे कण हलताना दिसतात. ते घासून टाकले असतील तर चेहरे मेणाचे वाटतात. चौकटीचा आकारही तपासा: ध्वनियुग आल्यानंतरचे आणि रुंद पडदा येण्याआधीचे बहुतेक चित्रपट 1.37:1 (रुंदी:उंची) चे असतात, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे हवेतच. पडदा पूर्ण भरलाय आणि माणसांची डोकी वर कापली जातायत, असं दिसलं तर पहिल्या दोन मिनिटांत बाहेर जाऊन स्वयंसेवकाला सांगा. वीस मिनिटांनी सांगून उपयोग नाही, तेव्हा कुणी चित्रपट थांबवत नाही.

कॅटलॉग वाचताना

कथासारांशावर फार विसंबू नका, तो निर्मात्याने लिहिलेला असतो. त्याभोवतीचे आकडे आणि नावं जास्त बोलतात.

निर्मितीचं वर्ष पाहा. चित्रपट दोन वर्षांहून जुना असूनही मुख्य विभागात असेल तर ते विस्मरणातून झालेलं नाही, कुणीतरी हट्टाने आणलाय. लांबीचंही तसंच. साडेतीन तासांचा चित्रपट दोन खेळांची जागा अडवतो, हॉल अर्धा रिकामा राहतो आणि आयोजक कुरकुरतात. इतकं सगळं पत्करून तो लावला असेल तर निवडणाऱ्याचा त्याच्यावर फार जीव आहे. असा एक तरी घ्या, पण सकाळचा, आणि त्या दिवशी बाकी दोनच पाहा.

पोस्टरवरच्या पानांच्या माळांना, म्हणजे महोत्सवांतल्या निवडीच्या आणि पुरस्कारांच्या खुणांना, भुलू नका. माळेच्या आतलं नाव वाचा. प्रवेशशुल्क घेऊन दर महिन्याला शेकड्याने ‘निवड’ वाटणारे, एकही प्रत्यक्ष खेळ न करणारे ऑनलाइन महोत्सव पुष्कळ आहेत. अशा दहा माळांपेक्षा एक खरी माळ बरी. खरी कुठली? मोठ्या महोत्सवांचे बाजूचे विभाग यासाठी फार उपयोगी. कान महोत्सवातला क्रिटिक्स वीक 1962 पासून आहे आणि तो फक्त पहिले-दुसरे चित्रपट घेतो. डिरेक्टर्स फोर्टनाइट 1969 पासून, बर्लिनचा फोरम 1971 पासून. त्याखेरीज लोकार्नो, रॉटरडॅम, माहितीपटांसाठी ॲमस्टरडॅमचा इडफा, ॲनिमेशनसाठी आनसी, लघुपटांसाठी क्लेरमाँ-फेराँ आणि ओबरहाउझेन. समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे फिप्रेसीचा, पुरस्कार असेल तर चित्रपट सुखद असेलच असं नाही, पण त्यात वाद घालण्याजोगं काहीतरी असतं.

निर्मितीसाठी कुणी पैसे दिले तेही छापलेलं असतं. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड अशी नावं असतील तर प्रकल्प जाणकारांच्या समितीपुढून गेलाय. ही जमेची बाजू. पण अशा निधींच्या वर्तुळात फिरणाऱ्या चित्रपटांना एक ठरावीक वळणही लागलंय: स्थिर कॅमेरा, मौन नायक, खिडकीबाहेर पाहणं, अचानक शेवट. एका दिवसात असे दोन घेतलेत तर दुसऱ्यावर अन्याय होईल.

निवड समितीतल्या माणसाने नाव घालून लिहिलेली टिपणं असतील तर पहिल्या दिवशी त्यांतले दोन-तीन चित्रपट वेगवेगळ्या नावांचे निवडा. ज्याची निवड तुम्हाला पटेल त्याची उरलेली टिपणं पुढचे तीन दिवस पाळा. कुठल्याही तारांकनापेक्षा हे भरवशाचं.

विशेषणांचं गणित अनुभवाने जमतं. ‘काव्यात्म’ म्हणजे संथ. ‘ध्यानमग्न’ म्हणजे फारच संथ. ‘सीमारेषा पुसणारा’ म्हणजे माहितीपट की काल्पनिक हे शेवटपर्यंत कळणार नाही, आणि हे प्रकरण अनेकदा सगळ्यात मजेदार निघतं. ‘विनोदी’ असं स्वतंत्र महोत्सवात उघड लिहिलेलं असेल तर जरूर जा, हसवणाऱ्या चित्रपटाला निवड समितीतून वाट काढणं अवघड असतं.

अपूर्ण चित्रपट आणि वर्ग

‘वर्क इन प्रोग्रेस’ असा खेळ सगळ्यांसाठी खुला असेल तर तो इथेच मिळणारा प्रकार आहे. रफ कट दाखवतात: रंगसंस्करण झालेलं नसतं, संगीत तात्पुरतं, कुठे काळ्या चौकटीवर ‘इथे शॉट यायचाय’ अशी पाटी. संकलन कसं चालतं ते इथे जितकं कळतं तितकं तयार चित्रपटात कळत नाही. शेवटी प्रतिसादाचा कागद देतात. त्यावर ‘छान’ लिहू नका. नेमकं कुठे लक्ष उडालं, कोणती दोन पात्रं एकमेकांत गोंधळली, शेवट आधी आला असं कुठे वाटलं, हे मिनिटासकट लिहा. आणि या खेळाबद्दल समाजमाध्यमांवर काहीही टाकू नका. अपूर्ण प्रतीवरची एक ओळही पुढे निवडीच्या आड येते.

मास्टरक्लासमध्ये दिग्दर्शकापेक्षा संकलक, ध्वनी आरेखक किंवा छायाचित्रकाराचा निवडा, विशेषतः क्लिप दाखवून बोलणार असेल तर. पाच जणांचं तासाभराचं चर्चासत्र बेलाशक सोडा. ओळख आणि आभार वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटं येतात.

शेड्यूल जुळवताना

कागदावर तक्ता काढा: आडवे पडदे, उभ्या वेळा. पहिल्या फेरीत फक्त ज्यांचा एकच खेळ आहे अशांना खूण करा. दुसऱ्या फेरीत ज्यांच्यासोबत पाहुणे आहेत ते. दोन खेळ असलेले सगळ्यात शेवटी, उरलेल्या फटींत बसतात. बहुतेक लोक उलट करतात, आवडत्यापासून सुरुवात करतात, आणि मग एकच खेळ असलेली फिल्म हातची जाते.

चित्रपटाच्या मिनिटांत वीस मिनिटं प्रश्नोत्तरांची आणि तीस मिनिटं पुढच्या रांगेची मिळवा. पडदे वेगवेगळ्या इमारतींत असतील तर चालण्याचा वेळ वेगळा. नव्वद मिनिटांचा चित्रपट म्हणजे तुमचे दोन तास वीस मिनिटं गेले. दोन खेळांत याहून कमी जागा असेल तर पहिल्याची प्रश्नोत्तरं सोडायची की दुसऱ्याची सुरुवात, हे आधीच ठरवा. सुरुवात कधीच सोडू नका, त्यापेक्षा प्रश्नोत्तरं सोडा. आरक्षणाची सोय असेल तर ती उघडते ती वेळ लिहून ठेवा. लघुपटांचे संच लवकर भरत नाहीत, छोट्या हॉलमधला स्थानिक प्रीमियर मात्र लगेच भरतो.

संथ चित्रपट सकाळी, जेवणानंतर लघुपट, जड माहितीपट संध्याकाळी पण दिवसाचा शेवट त्याने नको. रात्री उशिराचा भयपट किंवा काहीतरी वाह्यात असेल तर त्यानेच शेवट करा.

बसायला मधल्या रांगांतली कडेची खुर्ची. पटत नसेल तर अर्ध्या तासाने उठून दुसऱ्या हॉलमध्ये जायला संकोच नको, महोत्सवात हे चालतं. दिग्दर्शक हॉलमध्ये असेल तर मात्र दाराचा आवाज होऊ देऊ नका. सभागृह तात्पुरतं, जमीन सपाट असेल तर सबटायटल पुढच्या डोक्यांमागे जातात. अशा वेळी पहिली किंवा दुसरी रांग, मानेला त्रास झाला तरी.

खेळ अडकला की लोक प्रोजेक्शनिस्टवर चिडतात. कारण बहुधा वेगळं असतं. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची चित्रपटाची डिजिटल प्रत, कूटबद्ध असू शकते आणि ती उघडायला केडीएम नावाची डिजिटल किल्ली लागते. ही किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. चित्रपटाचा हॉल ऐनवेळी बदलला किंवा किल्ली बनवताना टाइम झोन चुकला, तर फाइल समोर असून चालत नाही. नवी किल्ली मेलवर यायला दहा मिनिटं लागतात किंवा, पाठवणारा देश झोपलेला असेल तर, पुढचा दिवस उजाडतो. म्हणून ऐनवेळी हॉल बदललेल्या खेळाला जाताना मनात दुसरा पर्याय तयार ठेवा. सबटायटल पडद्याखाली वेगळ्या पट्टीवर हाताने चालवत असतील तर ते मागेपुढे होणारच. ती पट्टी कुठे आहे ते बघून खुर्ची निवडा. संवाद अगदीच दबलेले असतील तर आवाज वाढवून मिळतो, फक्त मागायला कुणीतरी उठावं लागतं.

शेवटच्या दिवसाचा संध्याकाळचा स्लॉट मोकळा ठेवा. पुष्कळ महोत्सव निकालानंतर विजेत्या चित्रपटांचा एक जादा खेळ ठेवतात आणि तो छापील शेड्यूलमध्ये नुसता ‘पुरस्कारप्राप्त चित्रपट’ असा असतो. त्यात परीक्षकांची निवड आणि प्रेक्षकांची निवड अशा दोन वेगळ्या फिल्म्स असतील तर परीक्षकांची पाहा. प्रेक्षक पुरस्कार मिळवणारी फिल्म उबदार असते आणि तिला पुढेही वाट सापडते. मतपत्रिका मात्र प्रत्येक खेळानंतर टाका. निकाल एकूण मतांवर नव्हे तर सरासरीवर काढत असतील तर साठ खुर्च्यांच्या हॉलमधली फिल्मही मोठ्या हॉलवाल्या फिल्मला हरवू शकते आणि तुमचा एक कागद तिथे चांगलाच वजनदार ठरतो.

आणि जे आवडलं त्याचं मूळ भाषेतलं नाव, दिग्दर्शकाचं नाव आणि मिनिटं वहीत लिहून ठेवा. वितरणात चित्रपटाचं नाव बदलतं, कधी दहा-पंधरा मिनिटंही कापली जातात. दोन वर्षांनी शोधायला गेलात तर दिग्दर्शकाच्या नावाने फिल्म सापडेल आणि मिनिटांवरून ती तीच आवृत्ती आहे का ते कळेल.